चौथ्या गिअरमधला आवाज

चाचा,

हेडसरांची पांढरी गाडी आता माझ्याकडे आहे. नगरला मी भाड्याने राहते त्या घराच्या मागे पत्र्याची शेड आहे, तिथे ती उभी असते. सर गेल्यावर त्यांच्या मुलाने ती भंगारात द्यायचं ठरवलं होतं. मला कळलं तेव्हा मी टेम्पो ठरवला आणि कोल्हारहून ती उचलून आणली. टेम्पोवाल्याने दोर आवळता आवळता विचारलं, "मॅडम, चालती का ही?" मी म्हणाले, चालते, पण आवाज करते. तो म्हणाला, "मंग गाडी न्हाई, नवराच घेतला की तुमी." मी हसले नाही, तेव्हा तो दुसऱ्या बाजूचा दोर आवळायला गेला.

गेले चार महिने दर रविवारी मी हिच्यावर काम करते. ब्रेक झाले, वायरिंग झालं, कार्ब्युरेटर साफ झाला, चारही टायर बदलले. लोकांना मी सांगते की जुनी गाडी उभी करायचा छंद आहे. ते खरं नाही. मला फक्त एक गोष्ट शोधायची होती. अकरा वर्षांपूर्वी, पुलापलीकडे, ही गाडी रस्त्याच्या कडेला उभी असताना तुम्ही म्हणालात की गिअरबॉक्स ठीक आहे आणि मी म्हणाले की ठीक नाही. आपल्या दोघांपैकी एकजण चुकत होता. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. गाडी अजून तोच आवाज करत होती. म्हणजे अजून तपासता येत होतं.

तुमच्याकडे मी आले ती डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या सुट्टीत. कॉलेजचं ट्रेनिंगचं पत्र घेऊन नगरमधल्या दोन मोठ्या गॅरेजांत जाऊन आले होते. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं, मुलींसाठी सोय नाही. तुमचं गॅरेज कोल्हारला, मनमाड रस्त्यावर, आमच्या घरापासून एसटीने वीस मिनिटं. तुम्ही पत्र वाचलंच नाही. म्हणालात, "हात दाखव." मी हात पुढे केले. तुम्ही ते उलटसुलट करून पाहिले, भाजी घेताना बघतात तसे. "नखं काप. केस बांध. सोमवारी ये." सोमवारी आले तेव्हा मागच्या मोरीच्या दाराला आतून नवी कडी लावलेली होती. स्क्रू अजून चकाकत होते. तुम्ही त्याबद्दल काही बोलला नाहीत, मीही नाही. आमच्या बुद्धविहाराजवळच्या वस्तीत तेव्हा माझ्या वडिलांना लोक विचारायचे, पोरीला काय फिटर करता का? वडील म्हणायचे, मला काय विचारता, तिला विचारा. मला कुणी विचारायला आलं नाही.

तुम्ही शिकवत नव्हता. तुम्ही काम करायचात आणि मी चुकले की थांबवायचात. एकदा मी शाफ्टवर बेरिंग बसवताना पाइप त्याच्या बाहेरच्या कड्यावर ठेवला आणि हातोडी उचलली. तुम्ही माझं मनगट धरलं. इतक्या जोरात की दोन दिवस दुखत होतं. "आतल्या कड्यावर ठोक. बाहेर ठोकलं की मार सगळा छर्ऱ्यांवर जातो. ज्यांचा गुन्हा न्हाई त्यांना मार कशाला?" पुढे हेच मला पुस्तकात सापडलं, आकृतीसकट, बलाच्या बाणांसकट. मी ते पान तुम्हाला दाखवलं. तुम्ही चष्मा वर करून बाण पाहिले आणि म्हणालात, "हे शिकायला तीन वर्सं लागतात व्हय, इंजिनेर?"

तुमचा डावा कान लहानपणीच गेलेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. उजवाही जात चालला होता, हे मला पहिल्या उन्हाळ्यात कळलं. टेबलावर तुमचा मोबाइल वाजायचा आणि तुम्ही त्याच्या शेजारी बसून स्पार्क प्लग घासत राहायचात. मागे येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकून तुम्ही नाही, मी बाजूला व्हायचे, आणि मी झाले म्हणून तुम्ही व्हायचात. मी हे मनात टिपून ठेवलं. कुणाला सांगितलं नाही. मग एकदा एक जीप चालवून बघताना तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, "काय म्हनती?" मी सांगितलं, डाव्या पुढच्या चाकाचं बेरिंग, वळणावर वाढतं. तुम्ही मान हलवलीत. पुढच्या वेळी तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही बोलले नाही. मी डॅशबोर्डवर बोटाने एकदा टकटक केलं. आवाज आला की एक, गेला की दोन. गिऱ्हाईक मागे बसलेलं असायचं, त्याला वाटायचं पोरगी चाळा करते. दोन वर्षं, प्रत्येक सुट्टीत, प्रत्येक शनिवारी आपण असं काम केलं. याला नाव नव्हतं. त्याबद्दल आपण एकदाही बोललो नाही. लोक म्हणायचे, उस्तादचा कान अजून तसाच आहे. तुम्ही ते ऐकून घ्यायचात. मीही ऐकून घ्यायचे.

हेडसरांची गाडी पहिल्यांदा आली तेव्हा तक्रार अशी होती की वेगात आली की सनईसारखी रडते. आपण निघालो. गॅरेजपासून शाळा, शाळेपासून स्टँड, स्टँडपासून पूल, मध्ये गतिरोधक, त्यामुळे पूल ओलांडेपर्यंत गाडी जेमतेम तिसऱ्या गिअरला पोचायची. काटा पंचेचाळीसवर आला आणि सूर लागला. मी एक टकटक केलं. तुमचा हात गिअरच्या दांड्यावर होता. तुम्ही पुढे जाऊन गाडी वळवलीत, परत तोच वेग, परत तिसरा, परत सूर. मी परत टकटक केलं. तुम्ही माझ्या बोटावर विश्वास ठेवलात आणि गिअरबॉक्स उतरवलात. तुम्ही त्याला डब्बा म्हणायचात. आत एक बेरिंग थोडं सैल निघालं, तुम्ही ते बदललंत. पण तुम्ही गिअरचे दातही बघितलेत. एकेक दात अंगठ्याने चाचपलात. "हे तर चांगले हायेत," म्हणालात, मला नाही, दातांना.

आठ दिवसांनी सर परत आले. आवाज होता तसाच होता. त्या दिवशी तुम्ही चालवायला बसलात, सर तुमच्या शेजारी, मी मागे. पूल ओलांडला, तिसरा गिअर, पंचेचाळीस, सूर. मी तुमच्या सीटच्या पाठीवर टकटक केलं. तुम्ही लगेच गाडी कडेला घेतलीत, चहाच्या टपरीसमोर. सरांना म्हणालात, तुम्ही चालवा. आणि तुम्ही मागे माझ्या शेजारी येऊन बसलात. चपला काढल्यात. सीटवरून खाली वाकलात आणि उजवा तळहात गाडीच्या तळावर, मागच्या बाजूला, सपाट टेकवलात. सरांनी गाडी पळवली. तुम्ही डोळे मिटले होते. सर आरशातून बघत होते आणि मला लाज वाटली. मला वाटलं, तुम्ही थकला आहात, आता काय करावं हे तुम्हाला सुचत नाही, म्हणून काहीतरी करताय. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

टपरीसमोर परत आलो. तुम्ही उतरलात, चपला घातल्यात आणि सरांना म्हणालात, "सर, डब्बा ठीक हाय. आवाज मागं हाय, क्राउनमधी. दोन दिवस ठिवा गाडी, उघडून बघतो." क्राउन म्हणजे मागच्या आसातलं मोठं दातांचं चाक, हे सरांना कुठून माहीत असणार? ते म्हणाले, "उस्ताद, गेल्या आठवड्यात डबा म्हणालात. आज मागे म्हणता. उद्या टपावर आहे म्हणाल." टपरीवरचे चार-पाच जण हसले. तुम्ही हसला नाहीत. "डब्ब्यात चूक झाली, सर. खरं हाय. आता बरोबर सांगतो." तेव्हा सर माझ्याकडे वळले. त्यांनी मला शाळेत विज्ञान शिकवलं होतं. म्हणाले, "तू सांग. तू शिकलेली आहेस. कुठे आहे आवाज?"

मी सांगितलं. एवढी वर्षं ते वाक्य मी बदलून पाहिलंय, पण मी जे बोलले ते असं: "तिसऱ्या गिअरचा आवाज आहे सर. अगदी स्पष्ट आहे. चाचांना ऐकू येत नाही."

मग टपरीवरचा एकजण म्हणाला, "उस्ताद, कानाला बी ग्रीस लावा की वाईच." आता सगळे मोकळे हसले. तुम्ही खिशातून फडकं काढून हात पुसलेत. हात स्वच्छ होते. किल्ली सरांना दिलीत. "घिऊन जा, सर. शहरात दाखवा." मग मनगटावरचं घड्याळ बघितलंत आणि मला म्हणालात, "पाच वाजले. एसटी चुकंल तुझी." बस. तुम्ही माझ्यावर ओरडला नाहीत. मी बेरिंगवर चुकीचं ठोकलं तेव्हा जेवढे चिडला होतात, त्याच्या निम्मेसुद्धा चिडला नाहीत.

सरांनी गाडी शहरात नेली. तिथल्या गॅरेजवाल्याला त्यांनी माझं वाक्य सांगितलं असणार, कारण त्याने सरळ दुसरा डबा आणून बसवला. ही बातमी मला आमच्या वस्तीतल्या एकाने दिली. डबा बदलला, एवढीच. मी ती ऐकली आणि मनात एका ओळीखाली रेघ मारली. डबा बदलावा लागला, म्हणजे मी बरोबर होते. आवाज गेला का, हे मी विचारलं नाही. मला तेव्हा ते विचारण्यासारखं वाटलंच नाही. आता मी एका कंपनीत यंत्रांच्या आवाजाचंच काम करते, आणि कुणी दुरुस्तीनंतरचं मोजमाप न घेता दोष सापडला असं लिहून आणलं तर मी अहवाल परत पाठवते.

तुमच्या गॅरेजवर मी त्यानंतर एकदाच आले, ट्रेनिंगचा दाखला घ्यायला. तुम्ही सही करून ठेवली होती. समोर एकही गाडी नव्हती. वर्षाच्या आत तुम्ही शटर ओढलं ते कायमचं. लोक म्हणाले, रस्ता रुंद होणार म्हणून. लोक असंही म्हणाले की ऐकू न येणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण टाकणार. मी दोन्ही ऐकलं आणि मला पहिलं पटवून घेणं सोपं गेलं.

आता गाडीचं सांगते. गाडी ताब्यात देताना सरांचा मुलगा म्हणाला, "डबा नवा बसवलाय यात, पण आवाज गेलाच नाही. बाबा वैतागले आणि शेडमध्ये लावून टाकली. नंतर कुणाला बोलले नाहीत, उगाच नवा डबा घातला म्हणून हसू होईल." मी कागदावर सही करत होते. मी सही पूर्ण केली. टेम्पोत बसल्यावर मी पहिला विचार काय केला, ते लिहिते: बसवलेला डबा जुना असेल, वापरलेला, त्याचाही तिसरा गिअर खराब असू शकतो. असं होतं. क्वचित होतं, पण होतं.

असल्या गाडीत चौथा गिअर म्हणजे सरळ वाट. इंजिनाची ताकद डब्यातल्या दातांवरून न फिरता थेट मागे जाते, डब्यातली चाकं नुसती रिकामी फिरतात. म्हणून चाचणी अगदी सोपी आहे. ज्या वेगाला तिसऱ्यात आवाज येतो, त्याच वेगाला चौथ्यात टाकायचं. आवाज थांबला तर दोष डब्याचा. तसाच राहिला तर डबा निर्दोष, दोष मागे. हे कुठलाही मिस्त्री सांगेल. अकरा वर्षांपूर्वी पुलापलीकडे मोकळा रस्ता होता, आणि आपल्या दोघांपैकी कुणीही ते केलं नाही, कारण सूर पंचेचाळीसला यायचा आणि पंचेचाळीसला गाडी नेहमी तिसऱ्यात असायची. मी वेगाचा आवाज ऐकत होते आणि गिअरचा म्हणून सांगत होते. एका मिनिटाचं काम होतं.

गाडी रस्त्यावर आणण्याजोगी झाल्यावरही ते एका मिनिटाचं काम मी तीन रविवार पुढे ढकललं. पहिल्या रविवारी डब्यातलं तेल काढलं, पांढऱ्या कापडावर गाळलं, चुंबक फिरवलं. चुंबकाला राखेएवढी बारीक पूड लागली, म्हणजे काहीच नाही. गाडी जागेवर चालू करून क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. काही फरक नाही, शांत. दुसऱ्या रविवारी गाडी बाहेर काढली, तिसऱ्यात पंचेचाळीसला आणली आणि मोबाइलवर आवाज टिपला. घरी येऊन त्याचा आलेख काढला. मॅन्युअलमधून दातांची संख्या घेतली. मागच्या आसात लहान चाकाला नऊ दात, मोठ्याला एकोणचाळीस. त्या वेगाला तिथे दात दाताला सेकंदाला साधारण दोनशे साठ वेळा भिडतो. डब्यात तिसऱ्या गिअरचा हिशेब केला तर आकडा सातशेच्या वर जातो. आलेखात सगळ्यात उंच सुळका दोनशे साठच्या किंचित अलीकडे होता. सातशेच्या वर, जिथे मला सुळका हवा होता, तिथे जवळजवळ सपाट होतं. मी स्वतःला सांगितलं की मोबाइलचा माइक भरवशाचा नसतो. कंपनीत माझ्या हाताखालच्या कुणी हे कारण दिलं असतं, तर त्याच्याशी मी कशी बोलले असते, मला माहीत आहे. तिसऱ्या रविवारी मी गाडी धुतली.

चौथ्या रविवारी सकाळी सात वाजता मी बायपासला आहे. उसाचे ट्रॅक्टर अजून निघालेले नाहीत. दुसरा गिअर, तिसरा. काटा पंचेचाळीसवर येतो आणि सूर लागतो, तोच, अकरा वर्षांत थोडा जाड झालेला. मी वेग तसाच धरून ठेवते. क्लच दाबते, दांडा खाली ओढते. चौथा. क्लच सोडते, पाय ॲक्सिलरेटरवर हलका दाबते.

आवाज तसाच आहे. तोच सूर, तीच उंची, एक धागाही इकडेतिकडे नाही. मी पुन्हा तिसऱ्यात येते, पुन्हा चौथ्यात जाते. दुसऱ्यातही तो वेग गाठते, इंजिन ओरडतं, पण त्याच्याखाली तो सूर तसाच. गिअर काढून गाडी नुसती सोडते, सूर बारीक होतो पण जागा सोडत नाही. मी सहा वेळा केलं. एवढ्याची गरज नव्हती. मग गाडी कडेला लावली. माझा हात दांड्यावरच होता. दांडा सगळा वेळ शांत होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तुमचा हात त्या दिवशी याच दांड्यावर होता. नंतर तुम्ही मागे गेलात आणि तळावर तळहात टेकलात. सेकंदाला दोनशे-अडीचशे थरथरी, एवढ्याच पट्ट्यात माणसाच्या तळहाताला सगळ्यात बारीक कळतं. हे मला नोकरीत शिकवलं. तुम्हाला ऐकू येत नव्हतं, हे खरं होतं. ऐकू न येता तुम्ही बरोबर जागा सांगितली होतीत, हेही खरं होतं. यातलं पहिलं मला माहीत होतं, म्हणून दुसरं मला दिसलं नाही.

त्याच दुपारी मागचा आस उघडला. कारखान्यातून निघताना नटांवर मारलेला रंग शाबूत होता. म्हणजे तिथे आजवर कुणीही हात घातला नव्हता. शहरातल्या गॅरेजवाल्याने नाही, कुणीच नाही. लहान चाकाचं बेरिंग खडबडीत झालेलं होतं, त्यामुळे चाक जागेवरून सरकलं होतं आणि दात कडेला घासत होते. मी फोटो काढले. मोजमापं लिहिली. अंगठ्याने एकेक दात चाचपला. तुम्ही म्हणाला होतात दोन दिवस लागतील. मला दीड दिवस लागला.

गाडी आता शांत आहे. ती घेऊन मी कोल्हारला गेले. गॅरेजच्या जागी रंगाचं दुकान झालंय, पण मागचं घर तेच आहे. चाचीने दार उघडलं, डोळे बारीक केले. "कोन? अगं बया, तू व्हय! केवढी झालीस. लगीन केलंस का न्हाई?" मी म्हणाले, नाही. "बरं केलंस. गाडी कुनाची?" मी सांगितलं, हेडसरांची होती. चाची उंबऱ्यातच थांबली, गाडीकडे बघत. "हिच्यावरनंच झाल्तं न्हवं ते?"

मी हो म्हणाले. चाची आत वळली, मीही गेले. तिने स्टोव्हवर आधण ठेवलं आणि पाठमोरीच बोलत राहिली. "ह्यांनी न्हाई सांगितलं मला. बाजारात कळलं. भाजीवाली म्हनली, उस्तादला ऐकू येत न्हाई म्हनं, त्यांच्या पोरीनंच सांगितलं समद्यांना. मी म्हनलं, आमाला कुठली पोरगी? दोन्ही पोरंच. मंग कळलं, तू." मी विचारलं, चाची, तुम्हाला माहीत होतं का, त्यांचा कान गेलाय ते? ती वळून माझ्याकडे बघायला लागली आणि हसली. "तीस वर्सं त्या मानसानं माझं एक ऐकलं न्हाई. कान गेला तवा मला काय फरक कळनार?" मग हसू गेलं. "मयतीला न्हाई आलीस." मी म्हणाले, रजा मिळाली नाही. ते खोटं होतं. मी रजा मागितलीच नव्हती. चाचीने ते खरं मानलं की नाही, कळलं नाही. तिने पातेल्यात चहा टाकला.

मी तिथे एका कामासाठी गेले होते, म्हणून ते केलं. मी म्हणाले, "चाची, त्या दिवशी चाचा बरोबर होते. मी गाडी उघडून बघितली. आवाज मागचाच होता. मी चुकले." वाक्यं मी वाटेत जुळवून ठेवली होती, ती नीट निघाली. चाचीने गाळणं धुतलं, कपावर ठेवलं. "आता कुनाला सांगायचं ते? सर गेले, हे गेले. टपरीवाला बी गेला." आणि विचारलं, "साखर किती घालू?"

घरी परत येताना मी हिशेब घालत होते की आता काय उरलं. दोषाचं निदान चुकलं, ते मान्य केलं, ज्यांना सांगता येईल त्यांना सांगितलं. माझ्या कामात एवढ्यावर फाइल बंद होते. पण पुलाजवळून जाताना ती बंद होत नव्हती. कारण त्या वाक्यात दोन गोष्टी होत्या, आणि मी फक्त पहिलीची माफी मागितली होती. तिसरा गिअर ही चूक होती. दुसरी गोष्ट, तुमचा कान, चूक नव्हती. ती मला दोन वर्षं माहीत होती, माझ्याकडे सांभाळायला दिलेली होती, आणि मी ती वापरली. सरांनी मला शिकलेली म्हटलं, आणि तुम्ही त्याआधीच मला न विचारता, माझ्या टकटकीवर न थांबता, स्वतःच्या हाताने वेगळं उत्तर काढलं होतं. मला राग आला होता. गिअरबॉक्सचा नाही. तुम्हाला माझी गरज पडली नाही, याचा.

हे पत्र कुठे टाकणार? तुमचं दार आता चाचीचं आहे आणि चाचीला वाचता येत नाही. ती कुणाकडून तरी वाचून घेईल, दुकानातल्या रंगवाल्याकडून, आणि संध्याकाळपर्यंत बाजारात पोचेल. मी स्वतः जाऊन तिला वाचून दाखवू शकते. दाखवणार नाही. पत्र लॅपटॉपमध्ये राहील, बाकीच्या अहवालांच्या शेजारी.

एकच लिहायचं राहिलंय. त्या रविवारी बायपासला, क्लच दाबून दांडा खाली ओढण्याआधी मी मनात प्रार्थना करतात तसं काहीतरी केलं होतं, जे मी करत नाही. मी म्हणत होते, थांबू दे, आवाज थांबू दे. थांबला असता तर मी बरोबर ठरले असते आणि टपरीवरचे ते लोक, तुम्ही पुसलेले स्वच्छ हात, तुमचं शटर, यातलं काहीही मला पुन्हा आठवावं लागलं नसतं. चाचा, डबा खराब निघाला असता, तर हे पत्र मी लिहिलं नसतं.